समासातलं बोलणं

दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या माझ्या टायपिंगच्या दुकानाची पाटी मागच्या उन्हाळ्यात उतरवली. कोणी हळहळलं नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं फक्त विचारलं, "मंगलाताई, पाटीचा पत्रा पाहिजे का तुमाले?" मला नको होता. त्याला देऊन टाकला. आता तो त्याच्या मोटरसायकलवर सावली धरतो.

संपादकांनी व्यवसायातला अनुभव लिहा म्हटलं तेव्हा आधी नाहीच म्हणणार होते. बोटांचे सांधे सकाळी लवकर उघडत नाहीत आणि पडद्याकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी येतं. शिवाय सांगण्यासारखं काय आहे? अर्ज, प्रबंध, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगण्यासाठी आधी कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

लोकांना वाटायचं, ही बाई टाइप करते. टाइप करणं हे त्यातलं सोपं काम. खरं काम सुरू व्हायचं ते दुरुस्त्या आल्यावर. एकाच मजकुरावर तिघंचौघं हात फिरवतात. कोणी काय बदललं ते कळावं म्हणून कॉम्प्युटरात सोय असते. खोडलेला शब्द जात नाही, लाल रेघ अंगावर घेऊन तिथंच राहतो. शेजारी नवा शब्द बसतो. बाजूला समासात चौकटी टाकता येतात, त्यांत 'हे बरोबर आहे का', 'इथं तारीख घाला' असं लिहितात. त्यांना कॉमेंट म्हणतात. सोय चांगली आहे, पण काहीच जात नाही म्हटल्यावर फाइल फुगते. चाळीस पानांच्या मजकुराच्या पोटात दोनशे पानांची खोडाखोड असते. मग ती उघडायला वेळ लावते, मधेच अडकते, मेलनं जात नाही, आणि एखाद्या दिवशी उघडतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काल तर चालू होती, तुम्हीच काही केलं असन."

फोटोंचं दुखणं वेगळं. बोरी अरबच्या एका शाळेची स्मरणिका आली होती. माजी विद्यार्थ्यांनी मोबाइलवरचे फोटो धाडले आणि मुख्याध्यापकांनी ते स्वतःच मजकुरात चिकटवून, कोपरा धरून बारीक केले. दिसायला पोस्टाच्या तिकिटाएवढा, आत मात्र पूर्ण भिंतीएवढा. असे एकशे दहा. पेन ड्राइव्ह घेऊन सर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, मी तर सगळे लहान केले." मी एकेक फोटो बाहेर काढला, खरोखर लहान केला, परत बसवला. चार दिवस गेले. सरांनी स्मरणिकेत माझे आभार मानले, त्यात माझं नाव मंजुळा छापलं. ते त्यांनीच टाइप केलं होतं.

पण मला खरा धडा मिळाला तो एका वकिलांमुळे. दोन भावांच्या वाटणीचा तडजोडीचा मसुदा होता. पहिल्या मसुद्यात आमच्या वकिलांच्या पक्षकारानं विहिरीचं पाणी सोडायची तयारी दाखवली होती. नंतर त्यानं मन बदललं, ते वाक्य खोडलं. मी दुरुस्त्या नुसत्या झाकून फाइल धाडली. झाकलेलं उघडायला एक टिचकी पुरते. समोरच्या वकिलानं ती मारली. पुढच्या बैठकीत त्यानं आमच्या पक्षकाराला विचारलं, "विहीर सोडायले तयार होते ना तुम्ही?" तडजोड मोडली. वकीलसाहेब माझ्यावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम यायचं बंद झालं, एवढंच.

त्यानंतर मी नेम केला. कोणतीही फाइल दुकानाबाहेर जायची तर धुऊन जायची. सगळ्या दुरुस्त्या मान्य करायच्या, म्हणजे खोडलेलं कायमचं जातं. सगळ्या कॉमेंटी पुसायच्या. मजकूर उचलून कोऱ्या फाइलीत घ्यायचा. जुन्या प्रती ठेवायच्या नाहीत. नाहीतर 'अंतिम', 'अंतिम-दोन', 'खरी अंतिम' अशा पाच प्रतींतून भलतीच छापायला जाते. मेलचा डबाही रिकामा करायचा. यवतमाळचे छापखानेवाले म्हणायचे, मंगलाताईंची फाइल म्हणजे डोळे मिटून घ्यावी. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, आजही थोडा आहे.

राठोड गुरुजी दुकानात आले ते शाळेची सहा जुनी हजेरीपुस्तकं कापडी पिशवीत घालून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, राहायला दारव्ह्यापासून तासाभरावरच्या तांड्यात. हजेरीपुस्तकांत मुलांची नावं नव्हती, गोर बोलीचे शब्द होते. आपल्या बंजारा लोकांची ही बोली पोरं विसरत चालली, तिचा शब्दसंग्रह काढायचा, मराठी अर्थासह, असं त्यांनी ठरवलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ते यायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे, मी टाइप करायची. शब्द चुकला की टेबलावर बोट आपटायचे, शाळेत आपटत असतील तसं.

तीनशेएक शब्द झाल्यावर ते म्हणाले, "कोणी तरी तपासाले पाहिजे."

"आहे कोणी?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर एक मेलचा पत्ता होता. "माझी पोरगी हाये, सरिता. नाशिकले शाळेत शिकवते. यातले अर्धे शब्द तिनंच लहानपणी तिच्या आजीपाशी बसून उतरवले. तिले पाठवा."

"तुम्ही फोन करून सांगतलं का तिले?"

"आम्ही बोलत नाई," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पाठवा. तुमच्या नावानं."

कारण पुढे हळूहळू कळलं. सरितानं नऊ वर्षांपूर्वी जातीबाहेरच्या मुलाशी नागपुरात नोंदणी लग्न केलं होतं. तांड्यानं जेवढं मनाला लावून घेतलं नाही, तेवढं गुरुजींनी घेतलं. आई कधीमधी चोरून फोनवर बोलायची. गुरुजी नाही.

मी फाइल पाठवली. आठ दिवसांनी परत आली, तर समास चौकटींनी भरलेला. गुरुजी आल्यावर मी एकेक वाचून दाखवू लागले. 'बाटी' पाशी लिहिलं होतं, "अर्थ भाकर हा बरोबर. पण बाटी खाल्ली का विचारलं म्हणजे जेवण झालं का, हेही द्या." गुरुजींनी मान हलवली. "बरोबर हाये. घाला."

'ढावलो' पाशी आलो. नवरी सासरी निघताना रडून म्हणते ते गाणं. सरितानं लिहिलं होतं, "ढावलो नवरी एकटी म्हणत नाही. ज्याच्या गळ्यात पडून म्हणायचा तो समोर असावा लागतो."

मी वाचून दाखवलं. गुरुजी बाहेर रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "लिहा. ज्यानं समोर असावं, त्याले आधी विचारा लागते."

"हे अर्थात घालू?"

"अर्थात नाई. तिच्या चौकटीखाली."

तिथून ते सुरू झालं. वर तिची चौकट, खाली गुरुजींचं उत्तर, माझ्या बोटांनी टाइप केलेलं. पुढच्या खेपेला तिचं उत्तर आलं, "आणि विचारलं असतं तर?" यावर गुरुजी म्हणाले, "पुढचा शब्द घ्या." पण त्या दिवशी ते चहा न पिता गेले, आणि पुढच्या बाजाराला वेळेआधी आले. आल्या आल्या विचारलं, "आलं का बाईचं काही?"

दीड वर्षं असं चाललं. शब्दांवरची भांडणं खरी असायची. दोघंही हटणारी नव्हती. पण मधेच, डोळ्यांशी काही संबंध नसलेल्या एका शब्दापाशी तिनं लिहिलं, "डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं का?" गुरुजींनी उत्तर दिलं, "विषय सोडून लिहू नये." नंतर मला म्हणाले, "त्याच्याखाली लिहा, दसऱ्याआधी करून राह्यलो." एकदा तिनं आपल्या मुलीचं नाव लिहिलं, रेवा, आठ वर्षांची. गुरुजींनी ते नाव मला दोनदा वाचायला लावलं.

फाइल मात्र फुगत होती. हजार शब्द झाले. त्यात गुरुजींनी दागिन्यांचे, कांचळी-फेटियाचे, म्हणजे बायकांच्या चोळी-घागऱ्याचे, मोबाइलवर काढलेले फोटो घातले. माझा कॉम्प्युटर जुना. ती फाइल उघडायला लावून मी पाणी भरून यायची, तरी उघडलेली नसायची. एकेक पान सरकायला मिनिट घ्यायचं. मेलनं जाईना, म्हणून तुकडे करून पाठवू लागले. सांगते कशासाठी, तर तेव्हा मी त्या फाइलीला विटले होते. तिच्यात काय चाललं आहे हे मला माहीत होतं, तरीही विटले होते.

त्या वर्षी दिवाळीत तांड्यातच पुस्तक प्रकाशित करायचं ठरलं. दसऱ्याच्या आधी सरिताकडून शेवटची तपासणी आली, साठेक नव्या कॉमेंटी. गुरुजी यवतमाळला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते, पंधरा दिवस येणार नव्हते. फोनवर म्हणाले, "तुम्हीच पाहून घ्या, मंगलाताई. तुमाले आता सगळं समजते."

छापखान्याची घाई होती. दुकानात दिवाळीची इतर कामं साठलेली. मी फाइल उघडली आणि एकेक चौकट बघत दुरुस्त्या करू लागले. एका पानावर चौकटी जास्त झाल्या की कॉम्प्युटर त्या पूर्ण दाखवत नाही. पहिली ओळ दाखवतो आणि पुढे तीन टिंबं देतो. टिंबांवर टिचकी मारली की बाकीचं उघडतं. प्रत्येक टिचकीला मशीन अडकत होतं.

'मेरा' या शब्दापाशी आले. व्याख्या गुरुजींची होती : दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातील अविवाहित मुलींनी हाती दिवा घेऊन घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांना ओवाळण्याची व शुभ चिंतण्याची रीत. शेजारी सरिताची चौकट, "व्याख्या बरोबर आहे. फक्त..." आणि टिंबं.

बरोबर आहे म्हणते ना, मग झालं. मी पुढे गेले.

संध्याकाळी सगळं संपलं. मी दुरुस्त्या मान्य केल्या, कॉमेंटी पुसल्या, फोटो बारीक केले, मजकूर कोऱ्या फाइलीत घेतला. नव्वद एमबीची फाइल चारवर आली. पहिल्या झटक्यात उघडली. छापखान्याला पाठवली, जुने सगळे तुकडे पुसले, मेलचा डबा रिकामा केला. घरी जाताना फार हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

गुरुजी हिरवी पट्टी बांधून परतले. त्यांनी विचारलं, "बाईचं शेवटचं आलं होतं का?"

"आलं होतं. साठेक दुरुस्त्या होत्या, सगळ्या केल्या."

"अजून काही?"

"नाई गुरुजी. अजून काही नाई."

प्रकाशनाला मी गेले होते. समाजमंदिरापुढे मंडप, पन्नासेक माणसं, तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या हस्ते पुस्तक उघडलं. गुरुजींनी भाषणात सरिताचं नाव घेतलं नाही, पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'साहाय्य' म्हणून ते होतं. त्यांची बायको, शांताबाई, बाजूला बायकांत बसली होती. रस्त्यावर गाडी वाजली की तिची मान वळायची. मला वाटलं, पाहुण्यांची वाट बघते.

दिवाळीनंतर मी एक प्रत नाशिकला पोस्टानं धाडली. काही दिवसांनी सरिताचा फोन आला. तोपर्यंत आम्ही एकमेकींचा आवाजही ऐकला नव्हता. पुस्तक छान झालं म्हणाली, माझे आभार मानले.

"मावशी, एक विचारू? 'मेरा' वाचून दाखवल्यावर बापू काही म्हणाले का?"

"कशाबद्दल?"

"मी लिहिलं होतं ना तिथं. तांड्यातील मुली यात रेवा येते का? येत असेल तर यंदा तिला मेरा करायला घेऊन येते. येत नसेल तर व्याख्या आहे तशीच राहू द्या." तिचा आवाज अगदी साधा होता. "रजा काढून ठेवली होती. तुमचं उत्तर आलं नाही, तरी वाटलं पुस्तकात तरी बदल असेल. व्याख्या आहे तशीच राहिली. म्हणजे कळलंच. वाईट नाही वाटलं मावशी, विचारून तरी झालं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. 'बाई, त्यांनी वाचलंच नाही, मी पुसलं.' एवढी सहा शब्दांची गोष्ट. मी म्हणाले, "विचारून पाहते," आणि फोन ठेवला.

आठ दिवस मी विचारलं नाही. दुकान उघडायची, पत्रं टाइप करायची. बाजाराच्या दिवशी गुरुजी येतील म्हणून त्या दिवशी दुकानच बंद ठेवलं. मग वाटलं, वकिलांसारखं या दोघांनीही माझं काम बंद केलं असतं तर परवडलं असतं. इथं तर कोणाला माझी चूक माहीतच नव्हती. बाप समजत होता की मुलीनं विचारलं नाही. मुलगी समजत होती की बापानं नाही म्हटलं. दोघं गप्प राहिली असती तर मी सुटले असते, आणि ती दोघं गप्पच राहणार होती.

नवव्या दिवशी सकाळच्या बसनं तांड्याला गेले. गुरुजी अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टिंबांचं, टिचकीचं, पुसल्याचं. मधे थांबले असते तर पुढे बोलले नसते.

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "तिनं काय लिहिलं होतं? नीट सांगा."

मी फोनवर ऐकलेलं सांगितलं.

"हे तर तुम्ही सांगून राह्यले. तिचे शब्द कोणते होते?"

"मले नाई माहीत गुरुजी. मी पाह्यलेच नाई."

"काहून नाई पाह्यले?"

मशीन अडकत होतं, घाई होती, ही कारणं होती माझ्याकडे. दिली नाहीत. "कंटाळले होते," म्हणाले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नव्या भिंगातून त्यांना माझं तोंड बहुधा पहिल्यांदाच स्वच्छ दिसत असेल. मग म्हणाले, "फोन लावा तिले."

मी लावला आणि त्यांच्या हाती दिला. पलीकडून "मावशी, बोला," असं आलं असावं. गुरुजींनी ना नाव घेतलं, ना कशी आहेस विचारलं.

"मेरापाशी तू काय लिहिलं होतं," ते म्हणाले, "तुझ्याजवळ असन तर वाचून दाखव."

ती शोधत असेल. मग ते ऐकू लागले. एकदा ऐकून म्हणाले, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले. पाणी आलं तर डॉक्टरांनी पुसू नका सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पुसलं नाही.

"व्याख्या चुकली," ते म्हणाले. "माझी चुकली. तांड्यातली पोरगी म्हंजे तांड्यात राहते तेच नाई. तू बरोबर विचारलं. उत्तर उशिरा देऊन राह्यलो."

तोवर शांताबाई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. तिनं काही न विचारता फोन ओढून घेतला आणि गोर बोलीत बोलू लागली. मला त्यातलं फक्त रेवा हे नाव समजलं. ते तिनं खूपदा घेतलं.

गुरुजी आत गेले आणि उरलेल्या प्रती घेऊन आले, चाळीस-पंचेचाळीस होत्या. मला पेन दिलं, स्वतः एक घेतलं. प्रत्येक प्रतीत आम्ही 'मेरा'चं पान काढलं, 'तांड्यातील अविवाहित मुलींनी' हे खोडून वर लिहिलं, 'तांड्याच्या अविवाहित लेकी-नातींनी'. त्यांचं अक्षर वळणदार, माझं वाकडं. इतकी वर्षं लोकांची अक्षरं वाचली, स्वतःचं हरवून बसले होते. दुपारची बस गेली. गुरुजींनी मला चहा विचारला नाही. शांताबाईनं जेवायला वाढलं.

दीडशेवर प्रती आधीच गेल्या होत्या, दिग्रस, पुसद, पार मुकुटबनपर्यंत. त्यांत व्याख्या अजून जुनीच आहे. दुसरी आवृत्ती निघाली नाही, निघेल असं वाटत नाही. पुसलेल्या बाकीच्या कॉमेंटींपैकी काही सरिताकडे निघाल्या, काही नाही. तिच्याकडे तपासणीचे शेवटचेच तुकडे होते. ढावल्याखालची चौकट गेली. ती फक्त त्या दोघांना आणि मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

गुरुजी पुन्हा दुकानात आले नाहीत. राग धरला असं नाही म्हणता येणार, रस्त्यात भेटले तर थांबून बोलायचे. काम नव्हतं, एवढंच. मी त्यानंतरही फाइली धूतच राहिले, कारण न धुतलेल्या फाइली खरोखर अडकतात, मोडतात. पण पुसण्याआधी प्रत्येक चौकट उघडून शेवटपर्यंत वाचायची. त्यानं काम दुप्पट झालं. लोक म्हणू लागले, ताई हळू झाल्या. झालेच होते. त्यातच एक दिवस ठरवलं की पुरे.

मागच्या दिवाळीत सरिता नवऱ्याला आणि रेवाला घेऊन तांड्यात आली. मलाही बोलावलं होतं. मी बाभुळगावला भावाकडे जायचं निमित्त सांगितलं आणि गेले नाही. नंतर तिनं फोनवर सांगितलं. दिवे लागल्यावर तांड्याच्या पोरी निघाल्या, रेवाही त्यांच्यात, नवा फेटिया सावरत. पहिलंच घर गुरुजींचं. पोरींनी आपापलं म्हटलं. रेवाची पाळी आली तर ती दिवा धरून नुसती उभी. नाशिकहून निघाल्यापासून पाठ केलेलं सगळं विसरली. आईकडे बघू लागली. सरिताही काही बोलेना, तिलाच रडू येत होतं.

तेव्हा गुरुजी उंबरठ्यापर्यंत पुढे आले, वाकले आणि तिच्या कानाशी एकेक शब्द सांगत गेले. ती त्यांच्यामागून म्हणत गेली. एक शब्द चुकला, तर त्यांनी दाराच्या चौकटीवर बोट आपटलं आणि तो पुन्हा म्हणायला लावला.